थोरलीची आंघोळ

पालीच्या धुळाजी कलालाकडून पहिल्याच खेपेला जांभळी घेऊन आलेला माणूस बीड तालुक्यात कुणी पाहिला नव्हता. दुसऱ्या खेपेला मिळाली तर नशीब समजायचं. एकदा नाही म्हटलं की तुम्ही तहसीलदार असा नाहीतर तहसीलदाराचे सासरे असा, धुळाजी तुमच्याकडं पाठ करून बसायचा आणि बायकोला सांगायचा, "रतने, पाव्हण्यांना पाणी दे अन् वाट दाव."

कारण धुळाजी दारू विकत नव्हता. पोरी उजवत होता.

तिकडं हैदराबादेत मुसीला पूर येऊन अर्धं शहर वाहून गेलं, त्यानंतरच्या दोन-चार वर्षांतली ही गोष्ट. बिंदुसरेच्या काठाला धुळाजीच्या वाटणीची थोडी जांभळाची झाडं होती. भाऊ म्हाळू जांभळं झोडायचा, रतनबाई ती पायानं मळायची आणि धुळाजी दोघांवर ओरडायचा. अशी कामाची वाटणी होती. निघालेला रस गुळासकट पाच रांजणींत जायचा. रांजणी म्हणजे लहान रांजण, कमरेएवढ्या उंचीची. मागच्या अंधाऱ्या खोलीत त्या गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेल्या असायच्या. माघात तोंड उघडलं की जांभळी तयार. वाटीत ओतली की वांग्याच्या सालीसारखी काळीनिळी दिसायची. जिभेवर आधी तुरट, मग गोड, आणि गिळून झाल्यावर बऱ्याच वेळानं नाकातून पिकल्या जांभळाचा वास परत यायचा. असं पिणारे सांगायचे. धुळाजीनं ती कधी चाखलीच नव्हती.

"पोटच्या पोरी हायत त्या," तो म्हणायचा. "बाप पोरी पितो का?"

"मग जावई काय करत्यात?" रतनबाई विचारायची.

मग धुळाजी तिच्यावर ओरडायचा.

रांजणींना नावं होती. गंगी, साळू, ठकी, धाकटी. गिऱ्हाईक आलं की आधी पाहण्याचा कार्यक्रम. पसंती झाली की रांजणीला हळद लागायची, गळ्याला खण बांधला जायचा आणि ती भरल्या पोटानं सासरी जायची. रिकामी झाली की मृगाच्या आत माहेरी परत. पंचमीला सगळ्या पुन्हा भरून जमिनीत बसलेल्या असायच्या आणि रतनबाई त्यांच्या गळ्यात हिरव्या बांगड्यांची माळ घालायची. ही रीत आजानं घातली की पणजानं, घरात कुणाला ठाऊक नव्हतं. मोडायची मात्र कुणाची छाती नव्हती.

तलवाड्याचे त्रिंबक पटवारी एकदा आले होते. चांगला खातापिता माणूस. धुळाजीनं त्यांना घोंगडीवर बसवलं आणि सुरुवात केली.

"घरात माणसं किती?"

"भरपूर हायत की."

"पितेवेळी शेजारी कोण बसतं?"

"चार मित्र."

"हसत्यात का भांडत्यात?"

"आधी हसत्यात." पटवारी प्रामाणिक होते.

"बरं. घोट घेता का घटाघटा?"

इथपर्यंत ठीक चाललं होतं. पण पटवाऱ्यांनी मिशीवर ताव दिला आणि विचारलं, "ते सोड बे. चढती किती लवकर?"

धुळाजीनं पाठ फिरवली. पटवाऱ्यांना पाणी मिळालं, वाट मिळाली. पुढच्या साली ते पुन्हा आले, पुन्हा पाणी पिऊन गेले.

आता पाचवी रांजणी. ती थोरली. ती कुणालाच दिली जात नव्हती. तिच्या तळाशी पिढ्यांचा साका होता, काळा, दाट, खरवडीसारखा चिकटलेला. आषाढात त्यातला मूठभर साका बाकी चौघींच्या रसात कालवला की रस बोलायला लागायचा, म्हणजे आतून बुडबुड आवाज यायचा. सासरहून आलेल्या पोरी कोरड्या ठणठणीत असायच्या. जीव होता तो थोरलीत. तिला पाणी लागू द्यायचं नाही, हा घरातला सगळ्यात मोठा नेम. रतनबाई लग्न होऊन आली तेव्हा सासूनं तिला देव दाखवायच्या आधी थोरली दाखवली होती.

त्या वर्षी चैत्रात बीडचे अर्जुनराव गुत्तेदार तट्टावर बसून पालीला आले. तालुक्याच्या आबकारीचा गुत्ता, म्हणजे दारूचा ठेका, त्यांचा. झाड देवाचं, जांभूळ पाखरांचं, घाम कलालाचा आणि दारू मात्र अर्जुनरावाची, असा त्या काळचा कायदा होता. ज्यानं आयुष्यात एक जांभूळ मळलं नाही तो सांगणार कुणी मळायचं आणि कुणी नाही.

"धुळ्या, सुभ्यावरनं मोठे साहेब दौऱ्यावर येतायत. एक रांजणी पाहिजे."

"सगळ्या सासरी गेल्या, मालक."

"कोपऱ्यातली ती?"

"ती थोरली. ती देत न्हाई आमी. बाकीच्यांची आज्जी हाय ती."

"पोरी म्हणतोस ना सगळ्यांना?"

"पोरगीबी हाय, आज्जीबी हाय. आमच्या घरातलं नातं तुमी कावून इच्कटून बगता?"

अर्जुनराव हसले. मग हसायचे थांबले. "परवाना माझ्या हातात आहे. उद्या दाराला कुलूप घालतो. जांभळं पाखरं खातील आणि तू बघत बस."

धुळाजीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं रतनबाईकडं पाहिलं. तिनं थोरलीकडं.

"द्यायची तर रीतीनं देईन," धुळाजी शेवटी म्हणाला. "वरात घेऊन या."

आणि गुत्तेदार खरोखर वरात घेऊन आले! त्यांना ही मोठी गंमत वाटली. हलगी वाजली, दोन-चार मित्र फेटे बांधून आले. थोरलीला जमिनीतून उकरून काढली तेव्हा म्हाळू धाय मोकलून रडला. धुळाजीनं अर्जुनरावांना पाटावर बसवून बजावलं, "उन्हात ठेवायची न्हाई. अन् रिकामी झाली की पाण्याचा थेंब लावायचा न्हाई. खरकटी, मळकी, हाय तशी धाडायची."

"हो रे बाबा, हो," अर्जुनराव म्हणाले.

ते खोटं बोलत नव्हते. फक्त, बायकोला काही सांगायचं असतं हे त्यांना आयुष्यात कुणी शिकवलं नव्हतं. सोयरीक पुरुषांनी ठरवली, अटी पुरुषांनी ऐकल्या आणि रांजणी उतरली बायकांच्या हातात.

मोठे साहेब आले. त्यांनी जांभळीचा एक घोट घेतला, "शरबत अच्छा है" म्हणाले आणि आपल्या पेटीतली बाटली मागवली. उरलेली जांभळी अर्जुनरावांच्या मित्रांनी संपवली. ही बातमी पालीला पोचली तेव्हा धुळाजी दोन दिवस जेवला नाही.

"शरबत!" तो भिंतीला सांगायचा. "शरबत म्हणला!"

मृगाच्या तोंडावर बैलगाडी दारात आली. थोरली गाडीत बसली होती. अंगावर हिरवा खण, कपाळाच्या जागी कुंकू, ओटीत नारळ. शेजारी पाठराखीण म्हणून गुत्तेदारांच्या घरची मोलकरीण छबुबाई. धुळाजी भाकरीचा तुकडा घेऊन ओवाळायला पुढं झाला. अंगणातच थांबला. नाक वर केलं.

शिकेकाई.

त्यानं तुकडा टाकला, थोरलीच्या तोंडात मान घातली आणि ओरडला, "थोरले!"

आतून त्याचाच आवाज परत आला. स्वच्छ, खणखणीत. आतली माती नव्या कौलासारखी लाल दिसत होती.

छबुबाईला वाटलं, बाप खूश झाला. ती गाडीतनंच सांगू लागली, "आमच्या विमलबाईसाहेबांनी सोता न्हाऊ घातलं बगा. पोरगी माहेरी जायची म्हणल्यावर तशी कशी धाडावी? चिंच लावली, राख लावली, वरनं ऊन ऊन पाण्यात शिकेकाई. त्याच्या आदी आतनं म्या कोरडीच खरवडून काढली. लई मळ वो! जल्मात पोरीला न्हाऊ घातलं का न्हाई तुमी?"

धुळाजीनं मारायला गाडीच्या जुवाची शिवळच उपसली. गाडीवाल्यानं बैल कसेबसे सावरले आणि पळवले. छबुबाई वळून वळून पाहत होती, आपलं काय चुकलं म्हणून. रतनबाईनं नवऱ्याच्या तोंडावर पाणी मारलं, कारण तो अंगणात बसला होता आणि उठत नव्हता.

नदीकाठची जांभळं रंग धरायला लागली होती. आठ-पंधरा दिवसांत झोडावी लागणार. झोडून करणार काय? साका नाही तर रस बोलणार नाही, नुसता आंबून सडणार. एका सालाचा प्रश्न नव्हता. थोरली गेली म्हणजे जांभळी गेली, कायमची. आजा-पणजानं राखलेलं एका शिकेकाईत धुऊन निघालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुळाजीनं रिकामी थोरली डोक्यावर घेतली आणि बीडची वाट धरली. मागं रतनबाई. लेक नांदवत नाहीत म्हणून बाप सासरच्या दारात जाऊन बसतो, तसा तो अर्जुनरावांच्या ओट्यावर जाऊन बसला. थोरली शेजारी. बघता बघता गर्दी जमली. तहसिलीत कामाला आलेले त्रिंबक पटवारीही त्यात होते. ओट्यावर न्याहारी चालली होती, परातीत मदार नानबाईच्या भट्टीतले गरम नान होते.

"खाऊन घे, धुळ्या. मग बोल," अर्जुनराव म्हणाले.

"पोरीच्या सासरचं आमी खात न्हाई. पाणीबी घेत न्हाई."

"मग मी घेतो," पटवारी म्हणाले आणि एक नान उचलला. "दोन दिवसांपासून मदारचे नान लई भारी व्हायलेत. दोन खाल्ले की डोकं हलकं होतं."

धुळाजीनं फिर्याद मांडली. पोरीचा घात केला, अटी मोडल्या, जीव घेतला. अर्जुनरावांनी शांतपणे ऐकलं आणि गर्दीकडं वळले.

"मारलं का आम्ही तिला?"

"न्हाई," गर्दी म्हणाली.

"उपाशी ठेवलं?"

"न्हाई."

"न्हाऊ घालून, ओटी भरून, पाठराखीण देऊन पाठवली. असं सासर तुमच्यापैकी कुणाच्या लेकीला मिळालंय?"

गर्दीतल्या दोन बायकांनी डोळ्याला पदर लावला.

"धुळ्या," अर्जुनराव म्हणाले, "साधं काम आहे. म्हण, हे मडकं आहे. धुवायचं नव्हतं, धुतलं. मी चूक कबूल करतो, नुकसान भरून देतो, नवं मडकं देतो. म्हण की मडकं आहे."

धुळाजीनं थोरलीकडं पाहिलं. ओठ हलले. गर्दी पुढं सरकली.

"मडकं न्हाई," तो म्हणाला.

"मग लेकीला आंघोळ घातली तर बिघडलं कुठं?"

धुळाजी उठला, पुन्हा बसला. गर्दी हसत होती. त्याच्या सगळ्या आयुष्याचा दोरखंड करून कुणीतरी त्याच्याच पायात घातला होता. पटवारी नान चघळत म्हणाले, "मला दिली असती तर ही पाळी आली नसती."

"तुमी गप बसा, घटाघटा!" धुळाजी ओरडला. एवढंच त्याला सुचलं.

रतनबाई या तमाशात नव्हती. पुरुष ओट्यावर न्यायनिवाडा करत बसले की खरी गोष्ट परसात असते, हे तिला ठाऊक होतं. ती मागच्या दारानं आत गेली. अर्जुनरावांची बायको विमलबाई तुळशीजवळ उभी राहून रडत होती.

"ईनबाई, मला कुणी सांगितलंच नाही हो," ती म्हणाली. "मी आपली मायेनं..."

"तुमाला कोण सांगणार? पोरीचा बा तुमच्या धन्याला सांगून मोकळा, धनी तुमचा हो म्हणून मोकळा." रतनबाई पायरीवर बसली. "आता एवढंच सांगा. आतनं खरवडलं ते कुठं टाकलं? उकिरड्यावर का मोरीत?"

विमलबाईनं छबुबाईला हाक मारली. छबुबाई कालपासून घाबरलेली होती. ती दाराआडूनच बोलली, "टाकलं न्हाई, बाई. वास लई बरा येत होता, टाकवंना. मदार नानबायाला दिलं. पीठ आंबवाया तो शिंदी घालायचा, ती आटलीवती उन्हाळ्यात, पीठ फुगंना. म्हणला, इकडं दे, खमीर करतो."

रतनबाई उठली. तशीच ओट्यावर आली, भरल्या सभेत परातीतला नान उचलला, मोडला आणि नाकाला लावला.

"उठा," ती नवऱ्याला म्हणाली. "पोरगी जित्ती हाय. हे लोक तिला खायलेत."

पटवाऱ्यांनी हातातला तुकडा खाली ठेवला.

मदार नानबाईची भट्टी दोन गल्ल्या पलीकडं होती. मागं गर्दी, पुढं थोरली डोक्यावर घेतलेला धुळाजी, अशी दुसरी वरात तिथं पोचली. मदार पिठात कोपरापर्यंत हात घालून बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग हात पुसले आणि म्हणाला, "बैठो."

"बसाया येळ न्हाई, मदारभाई. आमची पोरगी द्या."

"तुमारी? मेरे यहाँ आई तब तो किसीका नाम लिखा हुआ नई था. अब मेरी भट्टी की इज्जत है. ऐसे कैसे देतूँ? बैठो बोला ना."

धुळाजी बसला. घोंगडीवर बसलेल्या गिऱ्हाइकांचं काय होत असे ते त्याला पहिल्यांदाच कळत होतं.

"घर में कौन कौन है?"

"मी, ही, अन् भाऊ."

"भाऊ का मिजाज?"

"रडतो," धुळाजी म्हणाला.

"तुमारे यहाँ उसको अंधेरे में गाडते बोलके सुना. सच है?"

"थंडाव्याला गाडतो. तिलाच बरं वाटतं."

"मीठा क्या देते?"

"गूळ. चांगला, कोल्हापुरी न्हाई पण चांगला."

मदार पुढं वाकला. "नहलाते?"

"कदीच न्हाई!" धुळाजी इतक्या जोरात ओरडला की भट्टीतली राख उडाली. "बापजल्मात न्हाई!"

मदारनं मान डोलावली. "हौ. खमीर को पानी मारे तो खतम. आदमी समझदार दिखते तुम." मग त्यानं भट्टीतून एक नान काढून धुळाजीपुढं धरला. "अब खाओ."

"म्या? म्या न्हाई खात. बाप हाय म्या तिचा."

"चखे बगैर तुमारीच है बोलके मेरेकू कैसा मालूम?"

धुळाजीनं रतनबाईकडं पाहिलं. तिनं दुसरीकडं पाहिलं. त्यानं डोळे मिटले आणि एक घास घेतला. आधी तुरट. मग गोड. त्यानं गिळला आणि तोंड पुसून म्हणाला, "कशाचं काय, नुसतं पीठ..." आणि तिथंच थांबला. नाकातून पिकल्या जांभळाचा वास परत आला होता.

सगळं आयुष्य लोक सांगत होते आणि तो मान डोलावत होता. आपण काय करतो हे त्याला आज कळलं, तेही नानबाईच्या दुकानात, पिठात.

"कशी हाय?" रतनबाईनं हळूच विचारलं.

"लई चांगली हाय गं," धुळाजी म्हणाला, आणि उरलेला नान त्यानं पूर्ण खाल्ला.

मदारनं खमीराचा गोळा मोडला. अर्धा स्वतःला ठेवला, अर्धा ओल्या फडक्यात बांधून धुळाजीच्या ओंजळीत दिला. पालीच्या वाटेवर थोरली रतनबाईच्या डोक्यावर होती आणि धुळाजी गोळा छातीशी धरून झाडांच्या सावली-सावलीनं चालत होता. सावली संपली की रतनबाई पदर पसरायची.

"काय नेता वो?" रस्त्यात कुणीतरी विचारलं.

"पोरगी," धुळाजी म्हणाला.

थोरली पुन्हा जमिनीत बसली. जांभळं झोडली, मळली, रस भरला, वर खमीर सोडलं. आणि काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. धुळाजी रांजणीला कान लावून जमिनीवर आडवा पडलेला. म्हाळू दारात रडण्याच्या तयारीत बसलेला.

"बोलंना कावून?" धुळाजी म्हणाला.

"रुसली आसंल," रतनबाई म्हणाली. "बापानं खाल्लं ना तिला."

"रतने, गप."

"चावून चावून खाल्लं."

"गप म्हणलं ना!" तो ओरडला, आणि त्याच्या ओरडण्यावर आतून एक बुडबुडा फुटला. मग दुसरा. मग थोरली जी बोलायला लागली ती पंचमीपर्यंत थांबली नाही.

त्या सालच्या जांभळीला घोटाच्या शेवटी गरम भाकरीसारखा हलका वास यायचा. धुळाजीला आता तो स्वतः सांगता यायचा, कारण रोज सकाळी तो एक चमचा चाखायचा, तब्येत विचारायची म्हणून.

माघात त्रिंबक पटवारी तिसऱ्यांदा आले आणि थेट घोंगडीवर बसले. धुळाजीनं त्यांना घरातली माणसं विचारली नाहीत, मित्र विचारले नाहीत, घोटही विचारला नाही.

"एकच इचारतो," तो म्हणाला. "न्हाऊ घालता का?"

"छे! छे!" पटवारी गडबडून म्हणाले. "आमच्याकडं कुणी आंघोळच करत नाही."

धुळाजीच्या चेहऱ्यावर पसंती उमटली. त्यानं हळदीची वाटी मागायला तोंड वळवलं तर रतनबाई वाटी घेऊन दारातच उभी होती. पण ती काही वाटी पुढं करेना.

"तुमी बसा गुमान," ती नवऱ्याला म्हणाली. मग पटवाऱ्यांकडं वळली. "पाव्हणं, आज पाणी प्या अन् जावा. उद्या बायकोला घेऊन या. काय सांगायचं ते मी तिला सांगीन."